गाडी नटवायची की राबवायची? डोंगरातल्या धंद्यासाठी पिकअप, आणि इलेक्ट्रिकचा हिशेब



पहिल्या गाडीच्या कर्जावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. "सर, पिकअप घेतोय. डोंगरात फिरवायची आहे. ऑफरोड तयार करून घेऊ का? आणि सगळे इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिक म्हणतायत, तर थांबू का?" व्हिडिओत आकडे पळून जातात, म्हणून आज हे लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी फजिती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी पहिली पिकअप घेतली, जुनीच. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात तिच्यावर अडतीस हजार रुपये घातले. पुढं मोठा लोखंडी बंपर, टपावर चार दिवे, कर्णकर्कश हॉर्न, हौद्याच्या दोन्ही बाजूंना रंगकाम. चौकात गाडी लावली की पोरं म्हणायची, नाद खुळा! जुलै महिन्यात गगनबावड्याच्या पुढं एका पाणंदीत गाडी रुतली. मागची चाकं जागेवर फिरत होती, कारण टायरची नक्षी गेलेली होती. टायर बदलायला पैसे नव्हते, ते बंपरात गेले होते. ट्रॅक्टरवाल्यानं ओढायचे पैसे घेतले, टोमॅटोचे निम्मे क्रेट खराब झाले आणि ज्याच्याकडं माल जायचा होता त्यानं दुसऱ्या दिवसापासून दुसरा गाडीवाला धरला. त्या गिऱ्हाईकाचा हिशेब मी अजूनही करत नाही.

आता मुद्द्याकडं येऊ. आमच्या वर्गात गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतला मुलगा होता. धंदा साधा. पहाटे शाहू मार्केट यार्डातून भाजी-किराणा उचलायचा, कळे-गगनबावडा रस्त्यावरची छोटी दुकानं, हॉटेलं आणि घरगुती निवास यांना पोहोचवायचा. येताना नाचणी, तांदूळ, हंगामात फणस. त्याच्या डोक्यात फोर बाय फोर गाडी बसली होती. मी त्याला म्हटलं, "अरे, गाडी आधी घेऊ नको. सात दिवस भाड्यानं गाडी घे आणि खेपेची वही लिही."

वहीत पाचच रकाने. एकूण किलोमीटर. त्यातले डांबरी किती, कच्चे किती. जाताना वजन किती. येताना किती. आणि कुठं अडलो, किती वेळ. एवढंच.

सात दिवसांनी वही घेऊन आला. रोजची खेप सरासरी १४० किलोमीटर. कोल्हापूर ते गगनबावडा जाऊन-येऊन ११०, बाकीचे वाड्यावस्त्यांचे फाटे. त्यातला कच्चा रस्ता किती? नऊ किलोमीटर. त्याला स्वतःला विश्वास बसेना. आपल्याला वाटतं आपण रोज डोंगर तुडवतोय, पण गाडी बहुतेक वेळ डांबरावरच असते. मात्र खेप बुडते ती त्या नऊ किलोमीटरमध्येच. म्हणजे गाडी अशी हवी की १३१ किलोमीटर स्वस्तात पळेल आणि नऊ किलोमीटरमध्ये अडणार नाही. फोर बाय फोरमध्ये इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्या २५-३० लाखांच्या पंगतीतल्या. भाजीच्या क्रेटवर तो हप्ता निघत नाही. नऊ किलोमीटरसाठी साधी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप नीट तयार केली तर पुरते. नीट म्हणजे कशी, ते बघू.

पहिला पैसा टायरमध्ये. कायद्यानं चारचाकी गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पण घाटात आणि चिखलात जाणाऱ्यानं तिथपर्यंत थांबू नये. तीन मिलिमीटरला आलं की मागचे दोन बदलायचे. घेताना टायरवरचा भार-क्रमांक कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी नको, दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी. हवा किती, ते दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांची हवा वेगळी असते, हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. भरलेल्या गाडीत हवा कमी ठेवून घाट उतरलात तर टायर तापतो आणि फुटतो.

इथंच एक गंमत सांगतो. पिकअप भरलेली असताना फार रुतत नाही, रिकामी रुतते. मागचा भाग हलका झाला की चाकाला जमिनीवर दाब मिळत नाही. म्हणून परतीला माल नसेल तर हौद्यात, मागच्या आसाच्या किंचित पुढं, वाळूची दोन-तीन पोती टाका. शंभर-सव्वाशे किलो पुरे. घट्ट बांधा मात्र, नाहीतर घाटात ब्रेक मारला की पोती केबिनवर येतील. चार हजारांच्या वस्तूनं जे होत नाही, ते दोनशे रुपयांच्या वाळूनं होतं.

दुसरा पैसा गाडीच्या पोटाखाली. पाणंदीत मधे गवताचा उंचवटा असतो आणि त्यात दगड दडलेला. चेंबरला दगड लागला, ऑईल सांडलं की इंजिनच संपलं. शिवाजी उद्यमनगरात तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं संरक्षक कवच करून मिळतं. करून घेताना कारागिराशी तीन गोष्टी आधी बोला. ऑईल काढायच्या बोल्टखाली भोक ठेव. हवा खेळायला जागा ठेव, नाहीतर चिखल भरून इंजिन तापेल. आणि चेसिसला वेल्डिंग करू नको, आहेत त्या भोकांत बोल्टनं बसव. चेसिसवर वेल्डिंग झालं की तिथला लोखंडाचा ताव जातो आणि तडा नेमका तिथून सुरू होतो.

तिसरी गोष्ट पाट्यांची, आणि इथं मी जरा रागानंच लिहितो. आपल्याकडं गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी "दोन पाटे वाढवून घे" हा सल्ला मिळतो. पाटे वाढवून गाडी जास्त वजन सोसते असं दिसतं. पण ब्रेक तेवढेच राहतात, आस तोच राहतो, आणि आरसी बुकातलं वजनही तेवढंच राहतं. रिकामी असताना गाडी उडते, चाक जमीन सोडतं, अंडी-टोमॅटोचा चेंदामेंदा होतो. आणि काट्यावर सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. हा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा आहे. एका दंडात महिन्याचा नफा जातो. माल जास्त असेल तर दुसरी खेप करा किंवा मोठी गाडी घ्या. कंपनीचे पाटे थकले असतील तर तसेच नवे बसवा, एवढंच काम.

दिव्यांचं बोलू. गगनबावड्याचं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. टपावरचा पांढरा झगझगीत पट्टा लावला की धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत. धुक्यासाठी दिवा खाली बंपरच्या पातळीवर आणि पसरट झोताचा हवा. टपावरच्या पट्ट्यांना दंडही होतो, आणि समोरून एसटी येत असेल तर तिच्या ड्रायव्हरला तुम्ही आंधळं करताय.

बंपरचं तर सरळच आहे. पुढचे लोखंडी गार्ड बेकायदा आहेत असं केंद्राच्या वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं. कलम ५२ सांगतं की आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच बाजू उचलून धरली. म्हणून कवच, ताडपत्रीची कमान, हौद्यातल्या कड्या असलं काहीही करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, जमलं तर लेखी घ्या. अपघातानंतर विम्याचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा तो पहिल्यांदा हेच बघतो की मूळ गाडीत काय नव्हतं.

हौद्याला मात्र पैसे घाला. गिऱ्हाईकाला तुमचं इंजिन दिसत नाही, माल दिसतो. तळाला रबरी चटई, दोन्ही बाजूंना बांधायच्या कड्या, चांगली जाड ताडपत्री आणि मागच्या फाळक्याला पाण्याचा पडदा. क्रेट एकाच मापाचे घ्या, म्हणजे एकात एक बसतात आणि हलत नाहीत.

आणि अडकलोच तर? एक फावडं, दोन जाड फळ्या, जॅकखाली ठेवायला लाकडी ठोकळा, चाकाला लावायला दोन ठोकळे, बारा व्होल्टचा हवेचा पंप, टॉर्च आणि गाडीच्या वजनाला पुरेल असा ओढायचा पट्टा. साखळी नको. साखळी तुटली की ती गोळीसारखी येते. पट्टा कंपनीच्या हुकालाच लावायचा, बंपरला नाही. आणि ओढताना आजूबाजूच्या बघ्यांना लांब उभं करायचं, आपल्याकडं ते सगळ्यात अवघड काम!

"सर, पाण्यातून जायला उंच नळी बसवू का?" असंही विचारतात. नको. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की खाली रस्ता आहे की वाहून गेलाय ते कुणालाच दिसत नाही. नळीनं इंजिनाला हवा मिळेल, गाडीला जमीन मिळत नाही. त्या दिवशी खेप रद्द. वर्षातले असे पाच-दहा दिवस बुडणार हे धरूनच हिशेब मांडा आणि गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा. रस्ता फक्त पुरानंच बंद होतो असंही नाही. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि खाली वैभववाडीला जाणाऱ्यांना भुईबावडा किंवा फोंडा धरावा लागला. ज्यांचा भाडेदर किलोमीटरवर ठरलेला नव्हता, त्यांनी तो फेरा खिशातून सोसला.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी कोल्हापुरात महापूर आला. महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील असं मी तरी म्हणणार नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या टोकाला मातीचा डाग आहे का बघा. सीटखालची चटई उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरींच्या जोडावर गाळाची पूड लागते का बघा. मग खाली झोपून चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा शोधा. नवीन काळा रंग फक्त एकाच जागी दिसला तर तिथं नखानं खरवडा. मालक चिडला तर चिडू दे.

आता इलेक्ट्रिक.

लहान मालवाहू गाड्यांत टाटा एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली. बॅटरी २१.३ युनिटची, कागदावर एका चार्जिंगला १५४ किलोमीटर, वजन ६०० किलो. २०२४ मध्ये एक टनाची आली, कागदावर १६१ किलोमीटर. कागदावरचा आकडा मोजपट्टीच्या रस्त्यावरचा असतो. माल भरून, चढावर, पावसात तो खाली येतो. मी शिकवताना ११० धरायला सांगतो. जास्त मिळालं तर नफा समजा.

आमच्या मुलाची खेप १४० किलोमीटर. म्हणजे रोज वाटेत चार्जिंग लागणार. आणि पश्चिम भागात पावसाळ्यात झाड पडून वीज गेली तर? परतीला मांडुकलीजवळ पाणी येऊन दुसऱ्या रस्त्यानं यावं लागलं तर? डिझेलची गाडी पाच लिटरचा कॅन मागवून निघते. इथं तसं होत नाही.

घाटाचा हिशेबही करून दाखवतो, कारण यावर फार दंतकथा आहेत. मालासकट दोन टनाची गाडी पाचशे मीटर उंच चढवायला नुसतं वजन उचलण्याचे साधारण पावणेतीन युनिट लागतात. गळती धरली तर सव्वातीन-साडेतीन. म्हणजे खालून करूळ घाट चढून आलात की बॅटरीचा सहावा हिस्सा गेला, तोही दहाएक किलोमीटरच्या रस्त्यात. गाडी चढत नाही असं नाही, उलट मोटरचा जोर सुरुवातीपासून मिळतो. पण किलोमीटर कमी होतात. उतरताना मोटर उलटी चालून थोडी वीज परत भरते आणि ब्रेक कमी तापतात, हा फायदा खरा. मात्र वर गगनबावड्यात बॅटरी पूर्ण भरून लगेच उतरलात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. थोडी जागा ठेवून निघायचं. डिझेलवाल्यांचा नियम तर जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आणि इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली काहीही ठोकायचं नाही. कवच नाही, भोक नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. तिथं बॅटरी आहे.

मग इलेक्ट्रिक कुणी घ्यावी? ज्याचा रोजचा रस्ता ठरलेला आहे, ७०-८० किलोमीटरच्या आत आहे आणि रात्री गाडी स्वतःच्या मीटरखाली उभी राहते, त्यानं जरूर बघावी. शहरातून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत माल टाकणारा, बेकरीवाला, पाण्याचे जार पोहोचवणारा. आकडे मांडू. डिझेलची तेवढीच छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये, असं धरू. किलोमीटरला पाच रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.२२ युनिट, युनिट दहा रुपये. म्हणजे दोन रुपये वीस पैसे. फरक दोन रुपये ऐंशी पैसे. रोज ७० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,८२० किलोमीटर. महिन्याची बचत ५,०९६ रुपये.

आता हप्ता. पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी एक लाखाला महिना साधारण २,१४९ रुपये पडतात. म्हणजे ५,०९६ रुपयांत सुमारे दोन लाख सदतीस हजारांचं जादा कर्ज फिटतं. अनुदान वजा करून, ऑनरोड किमतीतला फरक याच्या आत असेल तर इलेक्ट्रिक परवडली. बाहेर असेल तर नाही. आणि रोज ३०च किलोमीटर फिरत असाल तर बचत २,१८४ रुपयांवर येते, मग जेमतेम एक लाखाचा फरक सोसतो. तुमच्या गावचा डिझेलचा भाव, तुमच्या वीजबिलातला दर आणि तुमच्या बँकेचं व्याज घालून हेच गणित पुन्हा करा. एक चूक करू नका. सव्वा टनाच्या पिकअपच्या डिझेलखर्चाशी छोट्या इलेक्ट्रिकची तुलना करून दाखवणारे सेल्समन भेटतात. बचत दुप्पट दिसते, पण माल निम्माच जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. इलेक्ट्रिकला २०१८ पासून परमिटची अट नाही. नव्या मालवाहू गाडीचं पासिंग दोन वर्षांचं, पुढं आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. लायसन्सबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. आणि पर्यटकांना हौद्यात बसवून पठारावर नेण्याची "आयडिया" ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी ती तिथंच ठेवावी. मालवाहू गाडीत भाड्यानं माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो आणि घरावर बोजा चढतो.

आमच्या मुलानं शेवटी चार वर्षं जुनी डिझेल पिकअप घेतली. पुराची नाही, एका साखर कारखान्याच्या ठेकेदाराकडची. मागचे दोन टायर नवे, कवच, चटई-ताडपत्री आणि फावडं-पट्ट्याचा संच, एवढंच केलं. रंगकाम आईच्या नावापुरतं. पहिल्या पावसाळ्यात सहा खेपा पाण्यामुळं रद्द झाल्या, चिखलात रुतून एकही बुडाली नाही.

आता तो दुसऱ्या गाडीचा विचार करतोय आणि वहीत त्याला एक वेगळंच दिसलंय. डोंगरातून आलेला तांदूळ आणि नाचणी शहरात वाटायला त्याची मोठी पिकअप रोज ३५ किलोमीटर गल्लीबोळांत फिरते, निम्मी रिकामी. तो माल शहराच्या कडेला उतरवला आणि तिथून छोट्या इलेक्ट्रिकनं दोन फेऱ्यांत वाटला, शेजारच्या दोन शेतकऱ्यांचाही घेतला, तर ७० किलोमीटरचा आकडा जुळतो. सध्या तो फुलेवाडीच्या बाजूला असा गाळा शोधतोय जिथं घरमालक वेगळा मीटर बसवू देईल.

खेपेच्या वहीचे पाच रकाने वर दिलेत. सात दिवस लिहा आणि ती वही घेऊन पुढच्या भागाला बसा. त्यात भाड्याचा दर किलोमीटरवर कसा ठरवायचा ते करू.